परक्या भाषेच्या बाकावर

‘अहो, मुलांचं काय एवढं! सहा महिन्यांत भाषा उचलतात ती.’ परदेशी निघालेल्या कुटुंबाला निरोप द्यायला जमलेल्यांपैकी कोणी ना कोणी हे वाक्य उच्चारतेच. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. आईवडिलांच्या पोटात गोळा आलेला असतो, तो थोडा हलका व्हावा एवढीच त्याची इच्छा. ज्याच्याविषयी हे बोलले जाते ते मूल मात्र तिथेच कुठेतरी, बांधाबांध झालेल्या बॅगेवर बसून ऐकत असते. त्याला कोणी काही विचारलेले नसते.

अमेरिका, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मराठी मुलांची गोष्ट थोडी निराळी. इथे इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला तिथले उच्चार सुरुवातीला अडखळवतात, पण अक्षर ओळखीचे असते. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र आपली माणसे जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, जपान अशा देशांतही नोकरीला जाऊ लागली. तिथल्या सरकारी शाळेत मूल घातले तर पहिल्या दिवशी त्याच्या हाती काहीच नसते. जपानमध्ये तर लिपीही परकी. मी जे जवळून पाहिले ते जपानमध्येच. माझी मुलगी आणि जावई २०२३ च्या जानेवारीत टोकियोला गेले आणि त्या एप्रिलमध्ये नातू तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीत दाखल झाला. तो तेव्हा सात वर्षांचा होता. तीन महिन्यांच्या व्हिसावर मीही त्यांच्याकडे होते. पुढे २०२५ च्या हिवाळ्यात पुन्हा गेले, तेव्हा तो चौथीत होता. या दोन मुक्कामांत जे दिसले, आणि त्याविषयी वाचताना जे कळले, ते इथे मांडते आहे. निरोपाच्या वेळच्या त्या वाक्याने एक गोष्ट झाकली जाते, ती उघडी करावी एवढाच हेतू.

टोकियोच्या पूर्वेला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे. त्यातल्या निशी-कासाई भागात भारतीयांची वस्ती मोठी. २००० साल उजाडताना संगणकांच्या तारखांचा जो गोंधळ होणार होता, तो निस्तरायला आपले अभियंते जपानने बोलावले. शहराच्या मध्यभागातील वित्तीय कचेऱ्यांकडे जाणारी तोझाई मेट्रो या भागातून थेट जाते, म्हणून त्यांनी इथे घरे घेतली. त्यांच्या मुलांसाठी २००४ आणि २००६ मध्ये टोकियोत भारतीय शाळा निघाल्या. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतात एका सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. तेव्हा मराठी माणसाला हा मुलूख अगदीच अनोळखी राहिलेला नाही.

इंग्रजी माध्यमाची भारतीय शाळा जवळ असताना जपानी शाळा कशासाठी, असे मीही मुलीला विचारले होते. तिचे उत्तर सरळ होते. ‘आई, आम्ही इथे दोन वर्षांसाठी आलेलो नाही. खाली उतरल्यावर ज्या मुलांशी खेळायचं, ती सगळी त्याच शाळेत जातात.’ शिवाय सरकारी शाळेत फी नाही. जपानमध्ये सहा वर्षे प्राथमिक आणि तीन वर्षे माध्यमिक असे नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आहे. ही सक्ती परदेशी नागरिकांच्या मुलांना लागू नाही, पण पालकांनी अर्ज केला तर शाळा त्यांना विनामूल्य घेते. सक्ती नसल्याचा परिणाम २०१९ मध्ये पुढे आला. शिक्षण खात्याने तेव्हा प्रथमच देशभर मोजणी केली, तेव्हा सुमारे २० हजार परदेशी मुले कोणत्याही शाळेत जात नसावीत असे दिसले. त्या मानाने आमचा नातू भाग्यवान.

जपानी शाळा म्हटली की मराठी वाचकाला ‘तोत्तोचान’ आठवते. आगगाडीच्या डब्यात भरणारे वर्ग, मुलीचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. ती ‘तोमोए’ शाळा खरीच होती आणि १९४५ च्या बॉम्बफेकीत ती जळाली. पण ती त्या काळीही अपवाद होती. आजची साधी सरकारी शाळा शिस्तीची, गटाने चालणारी असते. दारात बूट काढून आतले पांढरे बूट घालायचे. दुपारचे जेवण मुलांनीच वाढायचे, सगळ्यांनी एकदम ‘इतादाकिमासु’ म्हणून सुरू करायचे. जेवणानंतर फडकी घेऊन वर्ग आणि व्हरांडा पुसायचा. मधूनच भूकंपाची तालीम होते. घंटा वाजते, सूचना येते आणि तीस मुले क्षणात बाकाखाली जातात.

आमच्या नातवाला ती सूचना कळली नव्हती. तो शेजारच्या मुलाकडे पाहून बाकाखाली गेला. त्या पहिल्या महिन्यात तो सगळेच असे, शेजारच्याकडे पाहून करत होता. दुसऱ्याने वही काढली की वही, दुसरा उठला की उठायचे. घरी आल्यावर शाळेविषयी अवाक्षर नाही. एका संध्याकाळी मी त्याला सहज विचारले, ‘काय बोलतोस रे शाळेत?’

‘आजी, मी बोलत नाही. मी बघतो.’

त्याच्या आईला हे ऐकून रडू आले. घरी अखंड बडबडणारे पोर दिवसाचे सहा तास गप्प बसते, ही कल्पना तिला सोसवेना. परंतु भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांना ही अवस्था चांगली माहीत आहे. स्टीफन क्रॅशन यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिला मौनाचा काळ म्हटले आहे. नव्या भाषेत पडलेले मूल काही आठवडे, कधी काही महिने बोलत नाही. या काळात ते ऐकत असते, आवाजाच्या रांगेतून शब्द सुटे करत असते, कोणत्या शब्दामागून काय घडते ते पाहत असते. तान्हे मूलही बोलण्याआधी वर्षभर हेच करते आणि तेव्हा आपल्याला त्याची काळजी वाटत नाही. या मुलांना बोलण्यासाठी टोचू नये, एवढेच मोठ्यांच्या हाती असते. नातवाच्या बाईंनी ते केले. त्याला उभे करून प्रश्न विचारला नाही. फळा पुसायचे काम मात्र रोज दिले. त्याला बोलावे लागत नसे.

मी परत निघण्याच्या आठवड्यात तो वर्गात पहिला शब्द बोलला. जेवणात करी-राइस होता आणि तो त्याला फार आवडतो. ताट पुढे करून तो म्हणाला, ‘ओकावारी.’ म्हणजे, आणखी वाढा. वर्गाने टाळ्या पिटल्या, असे बाईंनी रेन्राकुचोमध्ये लिहिले होते. रेन्राकुचो म्हणजे शाळा आणि घर यांच्यातली निरोपांची वही. ती अर्थातच जपानीत. जावई रोज रात्री मोबाइलचा कॅमेरा त्या पानावर धरून भाषांतर वाचत. उद्या काय आणायचे, कोणत्या फॉर्मवर शिक्का हवा, हे शोधताना नव्या शाळेत मुलाबरोबर आईबापही बसलेले असतात हे ध्यानात येई.

इथे मला माझी नोकरी आठवल्यावाचून राहत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असले की बदली ठरलेली. १९९४ मध्ये माझी बदली कोइमतूरला झाली तेव्हा हीच मुलगी सात वर्षांची होती. तमिळचा गंधही नव्हता. पण वर्गात इंग्रजी होते, गणिताचे पुस्तक वाचता येत होते, आणि तमिळ ती जिन्याच्या पायऱ्यांवर शेजारच्या मुलींकडून शिकली. खेळापुरती भाषा खेळात मिळाली आणि अभ्यासाची भाषा दप्तरात होतीच. नातवाच्या बाबतीत खेळ आणि दप्तर दोन्ही जपानी. फरक इथे आहे.

तरीही मराठी मूल जपानीकडे अगदी रिकाम्या हाताने जात नाही, हे मला तिथेच कळले. घरात भिंतीवर हिरागाना अक्षरांचा तक्ता लावला होता. मुलगी तो वाचून दाखवू लागली. अ, इ, उ, ए, ओ. मग क, कि, कु, के, को. पुढच्या ओळी स, त, न, ह, म, य, र, व. मी चकित झाले. ही आपली बाराखडीच, जरा आटोपशीर झालेली. पुढे वाचले तेव्हा कळले की हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत. ती भारतातून चीनमार्गे जपानला गेली, आणि तिच्या वर्णक्रमावरून जपान्यांनी आपल्या अक्षरांचा क्रम लावला. जिथे आज ‘ह’ आहे तिथे जुन्या उच्चारात ‘प’ होता, म्हणून न नंतर ह आणि मग म, हा क्रम आपल्या त-न-प-म शी जुळतो. नातवाला मी बाराखडीच्या चालीवर ती अक्षरे म्हणायला लावली. मूळ ४६ अक्षरे त्याने तीन आठवड्यांत पाठ केली.

साम्य इथेच संपत नाही. आपल्यासारखेच जपानीतही क्रियापद शेवटी. ‘मी शाळेत जातो’ याचे ‘बोकु वा गाक्को नि इकु’ होते. गाक्को म्हणजे शाळा, आणि आपला ‘त’ जिथे लागतो तिथे त्यांचा ‘नि’. इंग्रजीतून आलेल्या मुलाला वाक्य उलटे करावे लागते, मराठी मुलाला लागत नाही. आपण लुकलुक म्हणतो, ते किराकिरा म्हणतात. आपले ढग गडगड करतात, त्यांचे गोरोगोरो. दुसरीतच मुले पाढे म्हणतात, ‘बे दुणे चार’सारखे एका सुरात ‘नि निन् गा शि’. संख्यांची नावे तर आपल्याहून सोपी आहेत. तेवीस म्हणजे नि-जू-सान, दोन दहा तीन. २०१९ मध्ये आपल्याकडे बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ आले तेव्हा किती वादळ उठले होते! जपानी मुले शतकानुशतके तशीच मोजत आली आहेत.

हे सगळे जमेच्या बाजूला. आता खर्चाची बाजू.

दोन वर्षांनी मी गेले तेव्हा नातू फाडफाड जपानी बोलत होता. खाली बागेत मित्रांशी भांडत होता, विनोद करत होता, आईच्या उच्चारांना हसत होता. निरोपाचे ते वाक्य खरे ठरले, असेच कोणीही म्हणाले असते. आणि त्याच आठवड्यात त्याच्या विज्ञानाच्या चाचणीचा कागद घरी आला. वीसपैकी सहा गुण. प्रश्न पाण्याविषयी होते. उघड्या भांड्यातले पाणी कमी का होते, गार पेल्याला बाहेरून थेंब का येतात. हे त्याला माहीत नव्हते असे नाही. मी मराठीत विचारले तेव्हा म्हणाला, ‘पाणी उडून जातं ना. कपडे वाळतात तसं.’ मग मी म्हटले, हे लिहिले का नाहीस? त्यावर तो जे म्हणाला, ते मला या सगळ्या विषयाचे सार वाटते.

‘आजी, मला सगळं कळतं. फक्त पुस्तकातलं कळत नाही.’

वाळणे याला जपानीत ‘कावाकु’ म्हणतात. तो शब्द त्याला बागेत मिळाला होता. पुस्तकात होता ‘जोहात्सु’, चिनी चिन्हांनी बनलेला, बागेत कोणीच न बोलणारा. आपल्याकडेही हेच नाही का? घरात आपण ‘वाळले’ म्हणतो आणि शाळेचे पुस्तक ‘बाष्पीभवन’ म्हणते. मराठीत हा वरचा मजला संस्कृतने बांधला, जपानीत चिनीने. खालच्या मजल्यावर मूल खेळता खेळता शिरते. वरच्या मजल्यावर जायला जिना चढावा लागतो आणि जपानीत त्या जिन्याच्या पायऱ्या म्हणजे कांजी ही चिन्हे. प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकाव्या लागतात. पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००, चौथीत २०२. आमचा नातू दुसरीत गेला तेव्हा त्याच्या वर्गाने ८० ओलांडल्या होत्या आणि हा शून्यावर. शिवाय एका चिन्हाचे उच्चार अनेक. ‘जीवन’ या अर्थाचे एक चिन्ह सेन्सेई या शब्दात ‘सेई’ होते, वाढदिवसाच्या ‘तानजोबी’त ‘जो’ होते, आणि एकटे आले तर ‘नामा’, म्हणजे कच्चे.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा भेद स्पष्ट मांडला. गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. टोरंटोतील स्थलांतरित मुलांची माहिती तपासून त्यांनी दाखवले की पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत वर्गातील इतर मुलांची बरोबरी करायला पाच ते सात वर्षे लागतात. मला हे वाचताना बँकेतली दोन खाती दिसली. बचत खात्यात रोज थोडे पडते, रोज थोडे निघते आणि पासबुकात हालचाल दिसत राहते. मुदत ठेवीत वर्षानुवर्षे काहीच हालताना दिसत नाही, पण मोठ्या खर्चाला कामी येते ती तीच. मुलाची गप्पांची भाषा पाहून आपण खाते भरले असे समजतो. धोका आहे तो इथेच. पहिल्या वर्षी गप्प असलेल्या मुलाकडे सगळ्यांचे लक्ष असते. तिसऱ्या वर्षी फाडफाड बोलणाऱ्या मुलाचे गुण घसरले की त्याला आळशी म्हणतात, कधी मंद म्हणतात, आणि त्याला मिळणारी भाषेची जादा शिकवणीही बंद होते.

जपानमध्ये ही अडचण काही मोजक्या भारतीय मुलांची नाही. सरकारी शाळांत जपानी भाषेची स्वतंत्र मदत लागणारी मुले २०१८ मध्ये ५० हजारांवर होती, २०२३ मध्ये ती सुमारे ६९ हजार झाली. २०१४ पासून अशा मुलांना शाळेच्या वेळातच वेगळे जपानी शिकवण्याची तरतूद आहे, पण ती सगळीकडे सारखी पोहोचत नाही. पंधराव्या वर्षी सक्तीचे शिक्षण संपते आणि हायस्कूलची प्रवेश परीक्षा येते. हायस्कुलात पोहोचलेल्या या मुलांमध्ये शाळा सोडण्याचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट आहे, हे सरकारी पाहणीतच नोंदले आहे.

ब्राझीलहून आलेल्या मुलांची हकीकत या बाबतीत डोळे उघडणारी आहे. १९९० मध्ये जपानने कायदा बदलून पूर्वी ब्राझीलला गेलेल्या जपान्यांच्या वंशजांना कामासाठी येऊ दिले. हामामात्सुसारख्या कारखान्यांच्या गावांत ती कुटुंबे राहिली. चेहरे जपानी, घरची भाषा पोर्तुगीज. मुले शाळेत गप्पांपुरती जपानी शिकली, अभ्यासाची भाषा बऱ्याच जणांना आली नाही. आईबाप पाळीच्या कामात, त्यामुळे पोर्तुगीजही स्वयंपाकघरापुरती उरली. २००८ च्या मंदीत नोकऱ्या गेल्या. २००९ मध्ये सरकारने परत जाणाऱ्या कामगाराला माणशी तीन लाख येन देऊ केले. ब्राझीलला परतलेल्या मुलांपैकी काहींना तिथल्या शाळेतही बाकावर नव्यानेच बसावे लागले. दोन्ही भाषा अपुऱ्या राहिलेल्या अशा मुलांसाठी जपानीत ‘डबल लिमिटेड’ असा इंग्रजी शब्द रूढ झाला. शब्द निष्ठुर आहे, आणि दोष मुलाचा असल्यासारखा तो वाटतो. पण भीती खरी आहे.

आमच्या घरात याच भीतीने एक पेच उभा केला. चाचणीनंतर शाळेतून सल्ला आला की घरीही शक्य तितके जपानीच बोलावे. सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. मुलगी आणि जावई इमाने कामाला लागले. चार दिवस त्या घरात काय चालले होते, ते मी पाहिले. जेवताना ‘मीठ दे’, ‘पाणी घे’ एवढेच बोलणे. कारण आईबापांची जपानी तेवढीच. रोज रात्री वडील त्याला पुराणातल्या नाहीतर आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगत, त्या थांबल्या. का, कसे, समजा असे झाले तर, असे प्रश्न थांबले. मूल दहा वर्षांचे, आणि त्याच्याशी घरात दोन वर्षांच्या मुलाएवढे बोलणे.

पाचव्या दिवशी मी मुलीला म्हटले, ‘अगं, जी भाषा तुला येत नाही ती तू त्याला काय शिकवणार? त्यासाठी शाळा आहे. तुझ्याकडे जे आहे ते दे.’

जावई म्हणाले, ‘पण आई, वेळ थोडा आहे. मराठीत घालवलेला वेळ जपानीतून कमी नाही का होणार?’

प्रश्न योग्य होता. हिशेबी मनाला तसेच वाटते. पण अभ्यास वेगळे सांगतात. १९७६ मध्ये स्कुतनाब-कांगास आणि तौकोमा या संशोधकांनी स्वीडनमध्ये गेलेल्या फिनिश मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. जितके लहान वय तितके बरे, या समजाला तिने धक्का दिला. स्वतःची फिनिश पक्की करून साधारण दहाव्या वर्षी आलेली मुले, अगदी लहानपणी आलेल्यांपेक्षा स्वीडिश अभ्यासात सरस ठरत होती. कारण उघड आहे. बाष्पीभवन म्हणजे काय हे एका भाषेत उमगले की दुसऱ्या भाषेत फक्त नाव शिकायचे राहते. कल्पनाच नसेल तर नाव पाठ करून उपयोग नाही. १९७७ मध्ये स्वीडनने शाळेतच मुलाच्या घरच्या भाषेच्या शिकवणीची सोय केली, ती आजही आहे. जपानमध्ये किंवा इतरत्र अशी सोय नसेल तिथे ते काम घराला करावे लागते.

मग आम्ही असे ठरवले. घरात मराठीच, पण पूर्वीसारखी ‘जेव, झोप, आवर’पुरती नाही. विज्ञान आणि समाजशास्त्राच्या पुस्तकातला पुढचा धडा आधी मराठीत बोलून घ्यायचा. चित्रे पाहायची, स्वयंपाकघरात करून बघायचे. भांड्यावर झाकण ठेवले तर काय होते, काढले तर काय होते. मग जावयांनी त्याच्याबरोबर धड्यातल्या दहा कांजी लिहायच्या. दहाच. बाईंनाही मुलीने तसे कळवले आणि त्यांनी येणाऱ्या धड्यांची यादी आधी पाठवायला सुरुवात केली. मी परत आल्यापासून माझ्याकडे शनिवारची सकाळ आहे. मोबाइलवर समोरासमोर बसून आम्ही मराठी पुस्तक वाचतो, एक पान तो, एक पान मी. मुलाच्या मराठीचा प्रश्न आला की आपण लगेच संस्कृती, संस्कार, गणपती यांवर येतो. तेही हवेच. पण परक्या शाळेत बसलेल्या मुलाला मराठी त्याआधी विचार करायला लागते, ही गोष्ट आपल्या मंडळांच्या मराठी वर्गांनीही ध्यानात घ्यावी असे मला वाटते.

आणखी एक सांगते, ते बँकेच्या अनुभवावरून. इचलकरंजीच्या शाखेत असताना यंत्रमागावर काम करायला परप्रांतातून आलेली माणसे खाते उघडायला येत, तेव्हा बरोबर आठ-दहा वर्षांचे पोर असे. मराठी फक्त त्यालाच येई. बाप किती कमावतो, कर्ज किती आहे, हप्ता का थकला, हे सगळे ते पोर आम्हाला सांगे आणि आमचे बोलणे बापाला. हुशार म्हणून आम्ही कौतुक करत असू. पण बापाची अडचण परक्यासमोर बोलून दाखवताना त्या पोरांच्या तोंडावर जे दिसे, ते मी विसरलेले नाही. परदेशातही हेच होते. दवाखान्यात, वॉर्ड कचेरीत, घरमालकाशी बोलताना मुलाला पुढे करायचे. एखाद्या दुकानात ठीक आहे. आईच्या आजाराविषयी डॉक्टर काय म्हणतात, हे दहा वर्षांच्या मुलाने सांगायचे नसते. तेवढ्यापुरता दुभाषा मागावा, नाहीतर मोबाइल पुढे करावा.

आणि हा प्रश्न विमानात बसूनच सुरू होतो असेही नाही. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल किंवा गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात येते तेव्हा तेही गप्प बसून शेजारच्याकडे पाहतच असते. त्याचे गाव, झाडे, माणसे तीच असतात, फक्त दारापलीकडची भाषा परकी असते. जपानमधल्या नातवासाठी मी जो धीर मागते, तो त्या मुलालाही लागतो. त्याच्या घरच्या चार शब्दांची ओळख असलेले गुरुजी त्याला भेटले, तर त्याचे मौन लवकर सुटते.

परदेशी नातवंडे असलेल्या माझ्या वयाच्या वाचकांना एवढेच सुचवीन. फोनवर ‘जपानी बोलून दाखव बघू’ असे म्हणू नका. मूल म्हणजे गाण्याची चकती नव्हे. शेजारी कोण बसते, आज जेवायला काय होते, पाऊस पडला का, असे विचारा आणि उत्तराला वेळ द्या. ते अडखळले, मध्येच परका शब्द आला, तर हसू नका. आपला शब्द हळूच पुढे ठेवा.

आमच्या हिशेबात अजून बरीच वर्षे शिल्लक आहेत. नातू शाळेत गेला २०२३ च्या एप्रिलमध्ये. कमिन्स यांचा पाच ते सात वर्षांचा आकडा धरला तर पुस्तकाची जपानी त्याच्या हाती यायला २०२८ ते २०३० उजाडेल. हायस्कूलची प्रवेश परीक्षा २०३१ च्या सुरुवातीला. मुदत पुरी होणे आणि खर्च समोर उभा राहणे, यांत फार अंतर नाही, पण आहे. मुलगी आणि जावई यांनी शाळा बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. गेल्या शनिवारी वाचताना पुस्तकात ‘दव’ हा शब्द आला. नातू थांबला, म्हणाला, ‘म्हणजे पेल्यावर येतं तेच ना, पण गवतावर?’ मी हो म्हटले. त्याने वहीत तो शब्द मराठीत लिहिला, शेजारी जपानीत लिहिला आणि पान उलटले.